गरीब गाय की खचलेली गाय? : जनावरांचे मन आणि त्यांचे कल्याण

कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी या नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या नावाजलेल्या गोजाती होत. माळेगावच्या यात्रेत जनावर घेताना आपण दात, खांदा, कास, खूर पाहतो. बँकेत गुरांसाठी कर्जाचा अर्ज येतो, तेव्हा आम्हीही वय, दूध व किंमत लिहून घेतो. जनावराच्या मनाला मात्र कोठेच रकाना नसतो. मान खाली घालून मुकाट उभ्या असलेल्या गाईला आपण कौतुकाने ‘गरीब’ म्हणतो. ती खरोखर शांत आहे की खचली आहे, हा प्रश्न आपण विचारीत नाही.

जनावराला मन असते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. शास्त्राने मात्र ते तपासून पाहिले आहे. 2004 मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना दोन आवाज शिकविले. एक आवाज झाला की खाऊ मिळे, दुसरा झाला की त्रास होई. नंतर त्या दोहोंच्या मधला आवाज ऐकविला. ज्यांच्या राहण्यात रोज अनिश्चित बदल केले जात, त्या उंदरांनी खाऊची आशा कमी धरली. 2013 मध्ये कॅनडात वासरांवर रंगांचा असाच प्रयोग झाला. शिंगांचे कोंब तापल्या लोखंडाने जाळल्यानंतर वासरेही मधल्या रंगाकडे निराशेने पाहू लागली. पुढील वर्षीच्या अभ्यासात गाईपासून तोडलेल्या वासरांतही हेच आढळले. माणसाचा उदासीनतेचा आजार जनावरास जसाच्या तसा होतो, असे यावरून म्हणता येत नाही. परंतु वेदना, ताटातूट आणि अनिश्चितता यांनी जनावराचे मन काळवंडते, एवढे निश्चित.

आता आपल्या गोठ्याकडे पाहू. आखूड दावे, उन्हातला खुंटा, कळपापासून एकटे बांधणे आणि पाण्याची अनियमित वेळ, ही कारणे नेहमीचीच आहेत. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा दुष्काळात मालक व जनावर दोघेही पिचतात. मालक खचला की गोठ्याकडे दुर्लक्ष होते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. 
1) जनावर सुस्त दिसले, खाईना किंवा रवंथ करीना, तर प्रथम पशुवैद्यकास दाखवावे; आजार, जंत व अशक्तपणा यांनीही मंदपणा येतो. 
2) दावे एवढे लांब असावे की जनावरास सुखाने बसता, वळता व अंग चाटता यावे. 
3) सावली द्यावी, वैरण-पाण्याची वेळ शक्यतो मोडू नये. 
4) सोबतीचे जनावर दिसेल असे बांधावे. 
5) खरारा करावा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा मळतो. तो हात वर्षभर फिरावा.

ही केवळ दयेची बाब नाही. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, अवाजवी आखूड दोरीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. सम्राट अशोकाने तर माणसांबरोबर पशूंच्याही औषधोपचाराची व्यवस्था शिलालेखात नोंदविली.

विद्यार्थी मित्रांनी आपल्या घरच्या एका जनावराचे आठ दिवस निरीक्षण करावे. हाक मारल्यावर ते कान टवकारते का, सोडल्यावर पुढे येते का, वासराला चाटते का, याची वहीत नोंद ठेवावी. मुक्या जनावराला तक्रार लिहिता येत नाही. ती वाचण्याचे काम आपले आहे.