प्रज्ञा, करुणा आणि आपला मावळ

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1956 च्या मे महिन्यात बी.बी.सी. नभोवाणीवरून दिलेल्या भाषणात आपल्याला बौद्ध धम्म का प्रिय आहे, हे सांगितले. प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्रितपणे देणारा धम्म म्हणून त्यांनी त्याचा गौरव केला. त्यातही प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धा व अद्भुतवाद यांच्या विरुद्ध असलेली समज, असा अर्थ त्यांनी आवर्जून दिला. पुढे 1976 साली 42 व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचे कलम 51 क राज्यघटनेत आले. त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद यांचा उल्लेख एकाच खंडात शेजारी शेजारी आहे. हे शेजार योगायोगाचे आहे असे वाटत नाही.

विज्ञाननिष्ठ विचाराची सुरुवात युरोपात झाली, असे शाळेत शिकवले जाते. प्रयोगशाळा आणि यंत्रे यांपुरते ते खरेही आहे. पण शंका घेण्याचा अधिकार सामान्य माणसाला देणारा उपदेश तथागतांनी केसपुत्त नगरीत कालामांना फार पूर्वी केला होता. गावात एकामागून एक आचार्य येत, प्रत्येक जण आपलेच मत खरे आणि दुसऱ्याचे खोटे म्हणे, तेव्हा आम्ही मानायचे कोणाचे, असा त्या लोकांचा साधा प्रश्न होता. परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे भगवंतांनी त्यांना सांगितले. आपण भाषणांतून बहुधा इथेच थांबतो. सुत्त मात्र पुढे जाते. लोभ, द्वेष आणि मोह यांनी ग्रासलेला माणूस स्वतःचे व दुसऱ्याचे हित करतो की अहित, हे तथागत कालामांनाच विचारतात आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेतात. म्हणजे कसोटी दुहेरी आहे. गोष्ट स्वतः तपासून पाहायची, आणि तिच्यामुळे कोणाचे दुःख वाढते हेही पाहायचे.

बँकेत एकाने लिहिलेले व्हाउचर दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय पुढे सरकत नाही. लिहिणारा लबाड असतो म्हणून ही पद्धत नाही. माणूस चुकतो म्हणून ती आहे. धर्माच्या बाबतीत मात्र शंका विचारणाराच उद्धट ठरतो, ही मोठी विसंगती होय.

बाबासाहेबांनी ही तपासणी आपल्याच परंपरेवरही केली. 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा, रोगी किंवा प्रेत पाहिलेच नसेल, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. त्याऐवजी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी पुढे मांडला. पण त्याच ग्रंथात प्रज्ञेला तलवारीची उपमा दिली आहे. शीलवानाच्या हाती ती संकटातील माणसाला वाचवील, शीलहीनाच्या हाती तिने खूनही होईल.

याचे दाखले शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. बोरघाटातील रेल्वेचे काम 1856 ते 1863 या काळात झाले. सह्याद्री फोडून गाडी वर आणणे हा त्या काळच्या अभियांत्रिकीचा पराक्रमच होता. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये भारतात येताच थोड्याच दिवसांत वारले, आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवले, हे इतिहासात नोंदलेले आहे. पटकीने आणि अपघातांनी जे हजारो मजूर गेले, त्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. आता कार्ल्याला चला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते चैत्यगृह 45 मीटर लांब असून छताला आजही सागवानी लाकडाच्या कमानी आहेत. तिथल्या शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, तसेच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे आणि सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचेही आहे. यवन दात्यांची नावे आहेत. कौशल्य दोन्ही ठिकाणी होते. फरक पडला तो कोणाची नोंद ठेवायची, या प्रश्नावर.

लोणावळ्यातच 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे क्ष-किरण व रक्तदाबमापक लावून पाहिले. निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. ज्यावर आपली श्रद्धा आहे तेच यंत्राखाली धरायचे, याला धैर्य लागते.

आणि आता आपल्या दारातला विषय. भातलावणीच्या दिवसांत मावळात सर्पदंश होतात. अजूनही काही ठिकाणी रुग्णाला आधी मांत्रिकाकडे नेतात. मांत्रिकाला यश येते कसे? पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावूनही प्रत्येक वेळी पुरेसे विष अंगात जात नाही. असे रुग्ण मंत्राविनाही बरे झाले असते. ते गावभर सांगितले जातात. जे दगावतात त्यांचे ‘आयुष्यच तेवढे’ होते. दोन्ही रकाने भरून बेरीज करणे, एवढेच विज्ञान इथे हवे आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे.

पण कातकरी वस्तीवरच्या बाईला कायद्याचे कलम ऐकवून भागत नाही. रात्री पावसात तिच्याकडे वाहन नसते, मांत्रिक चालत पोहोचण्याइतका जवळ असतो, आणि तो तिला ओरडत नाही. तिला अडाणी म्हणून हसणारा सुशिक्षित माणूस प्रज्ञावान असेलही. करुणेचा त्याला स्पर्श झालेला नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी तिच्या वस्तीत पावसाळ्यापूर्वी जावे, रात्री कोणाची गाडी मिळेल ते ठरवून यावे आणि एवढे सांगून यावे: जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. चावलेला हात वा पाय हलू न देता रुग्णाला धीर द्यावा, चालायला लावू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष लागू पडते, म्हणून साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. थेट सरकारी दवाखाना गाठावा.