न जन्मलेल्या बाळाचे हृदय

बाळाने पहिला टाहो फोडला की घरातली माणसे पेढ्यांच्या तयारीला लागतात. बाळाच्या छातीत मात्र त्याच क्षणी मोठी उलथापालथ सुरू झालेली असते. आईच्या पोटात असताना फुफ्फुसांना काम नसते. प्राणवायू नाळेतून मिळतो. म्हणून फुफ्फुसांकडे निघालेले बरेचसे रक्त ‘डक्टस’ नावाच्या एका छोट्या वाहिनीतून थेट महारोहिणीत वळते. जन्मानंतर फुफ्फुसे फुगतात, ही आडवाट निरुपयोगी होते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप मिटते. निरोगी बाळाला त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु ज्याच्या हृदयाची रचनाच सदोष आहे, अशा एखाद्या बाळाचे प्राण याच आडवाटेवर अवलंबून असतात. बालहृदयतज्ज्ञाचे निम्मे आयुष्य या मिटत्या वाटेशी शर्यत करण्यात जाते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

ही गोष्ट प्रथम ज्यांनी नीट ओळखली त्या डॉ. हेलन टॉसिग. जन्म १८९८, अमेरिकेत. लहानपणी त्यांना वाचताना अक्षरे जुळत नसत. अकराव्या वर्षी आई क्षयाने गेली. हार्वर्ड विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना डॉक्टरकीची पदवी देत नसे, म्हणून त्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून १९२७ साली पदवी घेतली. १९३० साली तेथील मुलांचा हृदयविभाग त्यांच्याकडे आला, आणि त्याच सुमारास त्यांचे कान जाऊ लागले. हृदयाच्या डॉक्टरला ऐकू येऊ नये, याहून मोठी अडचण ती कोणती? बाईंनी बाळाच्या छातीवर हात ठेवून ठोके बोटांनी ‘ऐकण्याची’ सवय लावून घेतली. क्ष-किरणांच्या पडद्यावर त्या हृदयाची सावली तासन् तास पाहत.

त्यांच्याकडे ओठ-नखे निळी पडलेली मुले येत. त्या मुलांच्या फुफ्फुसांना रक्तच पुरेसे पोहोचत नसे. बाईंच्या ध्यानात आले की, ज्यांचे डक्टस उघडे राहिले ती मुले बरी असतात आणि ते मिटले की मूल अधिक निळे पडते. मग मिटलेली वाट शस्त्रक्रियेने पुन्हा का बांधू नये? बोस्टनचे डॉ. ग्रॉस यांनी १९३८ साली उघडे राहिलेले डक्टस बांधून बंद करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. बाई त्यांच्याकडे गेल्या. पण वाट बंद करण्यात नाव मिळवलेल्या माणसाला नवी वाट तयार करण्याची कल्पना रुचली नाही. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये आलेले शल्यविशारद आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी ती मनावर घेतली. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया बसवली ती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर ती प्रथम झाली. हाताकडे जाणारी रोहिणी फुफ्फुसाच्या रोहिणीला जोडायची, एवढीच युक्ती. ब्लेलॉक यांच्या पाठीमागे उभे राहून थॉमस टाक्याटाक्याला सूचना देत होते. ती मुलगी पुढे काही महिन्यांनी गेली, पण वाट सापडली होती. त्यानंतर हजारो मुले तीवरून चालली. थॉमस यांचे नाव मात्र कित्येक वर्षे त्या शस्त्रक्रियेला जोडले गेले नाही. मला ही गोष्ट मूळ शोधाइतकीच सांगण्यासारखी वाटते.

सन १९७०च्या दशकात प्रोस्टाग्लँडिन या औषधाने डक्टस काही काळ उघडे ठेवता येते असे आढळले. त्यामुळे बाळाला शस्त्रक्रियेपर्यंत जगवता येऊ लागले. पण औषध द्यायचे तर आधी रोग कळला पाहिजे ना!

येथून गर्भातल्या हृदयाचे शास्त्र सुरू होते. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉ. लिंडसे ॲलन यांनी १९८०च्या सुमारास ध्वनिलहरींच्या साहाय्याने गर्भाच्या हृदयाची रचना पद्धतशीर तपासून दाखवली. विसाव्या आठवड्यात हे हृदय बोटाच्या पेराएवढे असते, मिनिटाला ११० ते १६० ठोके देते, आणि बाळ स्वस्थ पडून राहील तर शपथ! तरीही जाणकार डॉक्टर त्यात चार कप्पे, झडपा आणि दोन मोठ्या रोहिण्या पाहून घेतो. बाळाचे ठोके बेसुमार वाढले तर औषध आईला देतात, आणि ते नाळेतून बाळाला पोहोचते. दुखणे एकाचे, गोळी दुसऱ्याच्या तोंडात! आपल्या देशात गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे अशा तपासणीची कागदोपत्री नोंद ठेवावी लागते. नोंदवहीचे महत्त्व आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कोणी सांगायला नको.

हा डॉक्टर घडतो कसा? एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, बालरोगाच्या एम.डी.ची तीन, त्यावर बालहृदयरोगाची आणखी तीन. बी.कॉम. होऊन आम्ही नोकरीत बढतीची वाट पाहत असू, तेव्हा हा गृहस्थ अजून शिकतच असेल. आपल्याकडेही या विद्येत मोलाची भर पडली आहे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील मोठे छिद्र छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालून बंद करताना फुग्याचा आधार घेण्याची पद्धत मुंबईचे डॉ. भारत दळवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. दर हजार जन्मांमागे सुमारे आठ-नऊ बाळांना हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. तेव्हा अशा डॉक्टरांची गरज किती, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

आता आपल्या सिल्वासाकडे येऊ. मुलांचे जन्मजात दोष शोधून त्यांच्यावर उपचार करवणारा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या शेजारच्या पालघरहूनच सुरू झाला. त्यात जन्मजात हृदयदोषही येतात. सिल्वासा येथे २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. तरी मुंबई येथून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर आहे, आणि दादरा-नगर हवेलीची निम्म्याहून अधिक वस्ती (२०११ ची जनगणना) आदिवासी आहे. खानवेल-दुधनीकडच्या पाड्यावरच्या बाळाचा दोष जन्मानंतर, ओठ निळे पडल्यावर कळला, तर आईवडिलांच्या हाती काही तास असतात. त्यात गाडी शोधायची, पैसे जमवायचे, आणि ओल्या बाळंतिणीला मागे ठेवून अनोळखी शहर गाठायचे. वाटेत डक्टस मिटत चाललेले असते.

तोच दोष विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत दिसला तर? मग बाळंतपणच हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात ठरवता येते. प्रोस्टाग्लँडिनची बाटली बाळाच्या आधी तयार असते. त्यासाठी सोनोग्राफी करणाऱ्याने बाळाचे डोके-पोट मोजून न थांबता हृदयाचे चार कप्पे आणि दोन्ही रोहिण्या पाहिल्या पाहिजेत, शंका आली तर तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली पाहिजे. आणि त्या पाड्यावरच्या बाईला पाचव्या महिन्यातच तपासणीला कोणीतरी घेऊन आले पाहिजे. तसे झाले तर वापीची गाडी पकडायला तिच्यापाशी चार महिने असतात.