रस्ता ओलांडतांना वेगाचा हिशेब

मोटार भरधांव येत आहे असें आपण म्हणतों; पण भरधांव म्हणजे किती? कापलेल्या अंतरास लागलेल्या वेळानें भागिलें म्हणजे चाल निघते. तीस दिशेची जोड दिली कीं वेग झाला. ताशीं ७२ किलोमीटर चालणारी मोटार सेकंदांत २० मीटर येते. बैलगाडी सेकंदास १ मीटर चालते असें आम्ही धरितों. रस्त्याची रुंदी १० मीटर व बैलांसह गाडीची लांबी ५ मीटर, म्हणजे पार होण्यास १५ सेकंद. तेवढ्यांत मोटार ३०० मीटर पुढें येते! शिवाय समोरून येणारें वाहन दुरून जवळजवळ उभेंच भासतें, हा डोळ्यांचा मोठा दगा. किलोमीटरच्या एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत अशी मोटार ५० सेकंदांत पोहोंचते. तींत बसण्याचा योग आल्यास वाचकांनीं घड्याळ लावून पाहावें.