'ईव्ह टीझिंग' लिहिण्याआधी

सुभाष रोड, धारवाड

चि. मनू,

इंग्रजी दैनिकात बातम्या लिहायला लागलीस, तर 'ईव्ह टीझिंग' या शब्दाबद्दल आताच सांगून ठेवते. समज, आपल्या सुभाष रोडवर संध्याकाळच्या गर्दीत एकाने मुलीचा दुकानांपासून बसथांब्यापर्यंत पाठलाग केला, दुसऱ्याने धक्क्याचं निमित्त करून अंगाला हात लावला, तिसरा अश्लील बोलला. कन्नड पेपर 'चुडायिसु' म्हणून मोकळे होतील, मराठी 'छेडछाड' म्हणून, आणि तू तिघांवर 'ईव्ह टीझिंग'चं एकच पांघरूण घालशील. पोलीस ठाण्यात मात्र कलमं वेगवेगळी लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलागासाठी ७८, अश्लील शेरेबाजीसाठी ७५, विनयभंगाच्या हेतूने केलेल्या बळजोरीसाठी ७४. 'ईव्ह टीझिंग' नावाचा गुन्हा त्या संहितेत शोधूनही सापडायचा नाही. बातमी वाचून कोणी काय केलं हेच कळणार नसेल, तर ती छापायची कशाला?

तू म्हणशील, सर्वोच्च न्यायालयच हा शब्द वापरतं. वापरतं खरं. तेनकासीच्या बसस्थानकावर एका विवाहितेला त्रास देणाऱ्या पोलिसाची बडतर्फी न्यायालयाने २०१२ मध्ये समुथिरम खटल्यात कायम केली, तेव्हा निकालभर हाच शब्द होता. पण हे एका दंडनीय वर्तनाला दिलेलं सौम्य नाव आहे, हेही त्याच निकालात नोंदवलं आहे. मग जड शब्द घ्यावा, 'मोलेस्ट' लिहावं? तिथेही फसगत आहे. वस्त्र निर्यात प्रोत्साहन परिषदेतल्या चोप्रा नावाच्या अधिकाऱ्याविरुद्ध एका टंकलेखिकेने केलेल्या तक्रारीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने याच शब्दाचा कीस काढला: मोलेस्ट करण्याचा प्रयत्न झाला, प्रत्यक्ष मोलेस्ट केलं नाही, कारण स्पर्श झालाच नाही! एवढ्यावर त्या अधिकाऱ्याला नोकरीत परत घेण्याचा आदेश निघाला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि त्या टंकलेखिकेशी त्याचं एकूण वर्तन कसं होतं ते पाहिलं. 'मिसबिहेव्ह्ड विथ' तर त्याहून पोकळ. वर्गात दंगा करणाऱ्या पोरालाही तेच लागू पडतं.

तपशील दिला तर मुलीची अब्रू जाते, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण तपशील म्हणजे चवीने केलेलं वर्णन नव्हे. पाठलाग केला, हात धरला, शेरा मारला, एवढं एक क्रियापद पुरतं. तिचं नाव, कॉलेज, गल्ली काही नको. गुन्हा शाबीत व्हायच्या आत आपण निवाडा देतो का, अशी भीती असेल तर 'तक्रारीत म्हटलं आहे' हे दोन-तीन शब्द जोड. उपसंपादकाला तेवढी जागा काढता येते. तामिळनाडूच्या १९९८ च्या कायद्याच्या नावातच 'ईव्ह टीझिंग' होतं, त्याचा उल्लेख करताना मात्र खुशाल लिही, अवतरणचिन्हांत.

तुझी मावशी