कपाटाआडचा मेन स्विच

तुमच्या घरातील मेन स्विच कोठे आहे? आत्ताच जाऊन पाहा. पुष्कळ घरांत त्याच्यापुढे कालांतराने कपाट नाहीतर फ्रीज येऊन बसलेला असतो. कोणाला विजेचा धक्का बसला, तर प्रवाह तोडायला क्षणाचाही विलंब चालत नाही. तेव्हा कपाट कोण सरकवीत बसणार?

कपाटच हलवता आले तर उत्तम. फुकटचा उपाय आहे! ते जमत नसेल, तर मेन स्विच आणि एमसीबी असलेली पेटी दुसऱ्या भिंतीवर न्यावी लागते. पण भिंतीतून आलेल्या तारा नव्या जागी पुरत नाहीत. त्यांना जोड द्यावे लागतात, आणि खरी गोम तेथेच आहे. सैल जोडाचा रोध वाढतो. समजा, तो केवळ ०.१ ओहम आहे आणि तारेतून १५ अँपिअर प्रवाह वाहत आहे. दर सेकंदाची उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध :

१५ × १५ × ०.१ = २२.५ वॉट

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची सळई साधारण २५ वॉटची असते! शिवाय १६ अँपिअरचा एमसीबी येथे पडणार नाही, कारण प्रवाह मर्यादेतच आहे. म्हणून असे जोड गिलाव्यात न पुरता, उघडून पाहता येईल अशा झाकणाच्या डबीत ठेवतात.

आणखी एक. मेन स्विच बंद केला, तरी मीटरकडून त्याच्यापर्यंत येणाऱ्या तारेत २३० व्होल्ट असतातच. त्यामुळे वीज कंपनीने आधी मीटरच्या अलीकडे पुरवठा तोडायचा. त्यानंतरच परवानाधारक वायरमनने पेटीला हात लावायचा.