जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टीअरिंग बसविताना

बडोद्याजवळील विश्वामित्री हे नाव गुजरातेतील शेतकऱ्यांना ट्रॅक्टरच्या कारखान्यामुळे परिचित आहे. चेकोस्लोव्हाकियातील झेटरच्या तांत्रिक सहकार्याने ‘हिंदुस्तान’ ट्रॅक्टर येथेच तयार होत असत. पुढे हा कारखाना गुजरात शासनाच्या ट्रॅक्टर महामंडळाकडे गेला. १९९९ साली महिंद्र उद्योगसमूहाने त्यात प्रवेश केला व २०१७ पासून तो ग्रोमॅक्स या नावाने ओळखला जातो. कारखान्याचे नाव असे बदलत गेले. परंतु ट्रॅक्टर हे काही सहज मोडीत निघणारे यंत्र नव्हे. ते बापाकडून मुलाकडे येते आणि त्याबरोबर त्याचे जड स्टीअरिंगही येते. ओल्या रानात किंवा पुढे लोडर बसविलेला असताना असा ट्रॅक्टर दिवसभर वळविणे म्हणजे चालकाच्या खांद्यांची परीक्षाच असते. म्हणून अलीकडे जुन्या यंत्राला पॉवर स्टीअरिंग बसवून घेण्याकडे शेतकऱ्यांचा कल दिसतो. हे काम गावच्या गॅरेजमध्येही होऊ शकते. मात्र ते कसे होते याची माहिती मालकाला असणे अगत्याचे आहे.

तेलाच्या दाबाने चाके वळविण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ साली अशी यंत्रणा मोटारीवर चालवून दाखविली होती. परंतु विक्रीच्या मोटारीत ती येण्यास १९५१ साल उजाडले; क्रायस्लर कंपनीने ती प्रथम आणली. तिचे मूळ तत्त्व शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात पास्कलचा नियम म्हणून येते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. ५ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमधील दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोग्रॅम दाब दिल्यास दट्ट्यावर जवळजवळ १,९६० किलोग्रॅम, म्हणजे सुमारे दोन टन जोर पडतो. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर करून दाखवावे. दाबाचा धडा मुलांच्या चांगला ध्यानी राहील.

ट्रॅक्टरला सामान्यतः हायड्रोस्टॅटिक पद्धतीचा संच बसविण्यात येतो. नाव बोजड असले तरी रचना सोपी आहे. इंजिनवर चालणारा पंप, गाळणीसह तेलाची टाकी, स्टीअरिंगच्या दांड्याखाली बसणारे नियंत्रक युनिट, पुढच्या अ‍ॅक्सलवरील सिलिंडर आणि त्यांना जोडणारे नळ, इतकाच हा संसार. येथे स्टीअरिंग व चाके यांच्यामध्ये लोखंडी दांड्यांची जोडणी राहत नाही. चालकाची आज्ञा चाकापर्यंत नेते ती केवळ तेलाची धार. इंजिन बंद पडल्यास युनिट हातपंपासारखे चालते व जोर लावून चाके वळविता येतात. परंतु नळच फुटला तर हाती काही उरत नाही. यास्तव नळांच्या बाबतीत काटकसर करू नये. संचाबरोबर आलेला दाबसह नळच वापरावा. त्याच्या जागी दुकानात मिळेल तो रबरी पाइप बसविणे धोक्याचे आहे.

कामाचा आरंभ नव्या संचापासून होत नाही, जुन्या सांध्यांपासून होतो. हा मुद्दा गॅरेजमध्ये हमखास दुर्लक्षित राहतो. किंगपिन, बुश, टायरॉडचे बॉल जॉइंट व चाकांची बेअरिंगे झिजलेली असतील तर पॉवर स्टीअरिंग तो दोष दूर करीत नाही, झाकते. पूर्वी जो खेळ चालकाच्या मनगटाला जाणवत असे, तो तेलाच्या मागे दडतो आणि सांधा निखळेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून पुढचा भाग जॅकवर उचलून, खाली लोखंडी घोडी देऊन व मागील चाकांना लाकडी उटी लावून, पुढील प्रत्येक चाक वरखाली आणि आडवे हलवून पाहावे. जेथे खटका जाणवेल तो भाग आधी बदलावा.

दुसरे पथ्य स्वच्छतेचे. युनिटच्या आतील भाग इतके घट्ट बसविलेले असतात की वाळूचा बारीकसा कणही त्यांवर ओरखडा पाडू शकतो. मळणीच्या खळ्यावर, उडत्या भुशात हे काम करू नये. नळांची तोंडे जोडण्याच्या क्षणापर्यंत टोपणांनी बंद ठेवावीत. चिंधीचा बोळा कोंबू नये, कारण तिचे धागे आत राहतात. तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच असावे.

नियंत्रक युनिटवर पी, टी, एल व आर अशी चार इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. पीकडे पंपातून दाबाचे तेल येते, टीमधून ते टाकीत परत जाते; एल आणि आर हे सिलिंडरकडे जाणारे डावे-उजवे नळ होत. यांची अदलाबदल झाली तर चालक डावीकडे वळवील व ट्रॅक्टर उजवीकडे जाईल. चूक अगदी किरकोळ, परिणाम कालव्याच्या भरावावर जीवघेणा. म्हणून चाके अधांतरी असतानाच स्टीअरिंग फिरवून दिशा पाहिल्याशिवाय घोडी काढू नये. त्याच वेळी चाके दोन्ही टोकांपर्यंत वळवून नळ कोठे ताणला जातो काय, टायरला किंवा पंख्याच्या पट्ट्याला घासतो काय, हेही पाहावे. सिलिंडरच्या टोकांच्या पिना बसविल्यावर त्यांत स्प्लिट पिन घालून तिचे पाय दुमडावेत. जुनी, एकदा वाकविलेली स्प्लिट पिन पुन्हा घालणे म्हणजे चार आण्यांच्या वस्तूसाठी ट्रॅक्टर गमावणे.

यानंतर तेलातील हवा काढावयाची. इंजिन मंद गतीवर ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवीत राहावे व टाकीतील तेल कमी होईल तसे भरावे. तेलावर फेस असेपर्यंत आत हवा आहे असे समजावे. टोकाला स्टीअरिंग दाबून धरू नये. तेल तापते व पंपावर ताण येतो. गळती शोधताना नळावरून हात फिरविण्याची सवय फार घातक आहे. दाबाखालील तेलाची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, परंतु हात गमावण्याची पाळी येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधावी आणि तेल टोचलेच तर दुखण्याची वाट न पाहता तत्काळ इस्पितळ गाठावे.

कायद्याची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. तेव्हा त्याच नमुन्यासाठी उत्पादकाने दिलेला संच घ्यावा आणि काम हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टीअरिंगमधील मोकळा खेळ ३० अंशांहून अधिक असता कामा नये. ४२ सेंटिमीटर व्यासाच्या स्टीअरिंगच्या कडेवर हे अंतर सुमारे ११ सेंटिमीटर होते. खडूची खूण करून कोणासही ते मोजता येईल.

कलाभवन ही संस्था बडोद्यात १८९० मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी स्थापन केली. तिचे पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा धंदेशिक्षण मातृभाषेतून देण्यावर भर होता. आज येथील मिस्त्री मराठी बोलो वा गुजराती, सुट्या भागांची नावे इंग्रजीच घेतो. त्यात काही बिघडत नाही. मात्र संचाबरोबर येणारी इंग्रजी पुस्तिका बहुधा खोक्यातच राहते. ती गावच्या शिक्षकाकडून वाचून घ्यावी आणि बोल्ट किती जोराने आवळावयाचे ते आकडे गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. पहिले काही तास काम झाल्यावर सर्व बोल्ट त्या आकड्यांप्रमाणे पुन्हा तपासावेत, टाकीतील तेलाची पातळी पाहावी आणि पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत पहिली गाळणी बदलावी. काढलेली गाळणी कापून उघडली आणि तिच्यात धातूचा चुरा चमकताना दिसला, तर ट्रॅक्टर शेतावर न नेता परत गॅरेजकडे वळवावा.