‘शालोम’ आणि राहिलेले देणे



बंद दाराआड भ्यालेल्या शिष्यांना पुनरुत्थित प्रभूने शांतीचे अभिवादन केले (योहान २०:१९). शुभवर्तमान ग्रीक भाषेत आहे. पण त्यामागे यहुद्यांच्या रोजच्या भेटीगाठीतला हिब्रू शब्द आहे, ‘शालोम’. त्याचा धातू श-ल-म. अर्थ: पुरे, अखंड, ज्यात काही उणे नाही ते. अरबी ‘सलाम’ याचेच भावंड, आणि आपण म्हणतो ते ‘सलामत’सुद्धा.

योसेफ भावांना म्हाताऱ्या बापाचे शालोम विचारतो (उत्पत्ती ४३:२७), म्हणजे खुशाली. दावीद तर उरीयाला चक्क लढाईचे शालोम विचारतो (२ शमुवेल ११:७)! लढाईत कसली शांती? तिकडे सगळे ठीक आहे ना, एवढाच त्याचा अर्थ. (विचारणाऱ्याच्या मनात पाप होते, ही गोष्ट वेगळी.) आपल्या धंतोलीतल्या दवाखान्यांबाहेर नातेवाईक एकमेकांना ‘बरं आहे ना?’ विचारतात, तसाच हा शब्द.

रायगडचे बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी. तेलाचा घाणा चालवत आणि शब्बाथ पाळून शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले. तिथे रस्त्यात भेटलेल्या माणसाला ‘मा श्लोम्खा?’ विचारतात, शब्दशः ‘तुझे शालोम काय?’ आणि दुकानात पैसे चुकते करायचे त्याला ‘लेशलेम’ म्हणतात. धातू तोच!

हे आजचे नाही. चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले, तर चार मेंढरे भरून द्यावीत, असे नियमशास्त्र सांगते (निर्गम २२:१). ‘भरून द्यावे’ याला मुळात ‘यशल्लेम’ आहे. ज्याचे उणे केले त्याचे पुरे करणे, हाही शालोमचाच भाग. जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले (लूक १९:८), त्यात मला हाच हिशेब दिसतो.

मिस्सामध्ये शांतीची खूण म्हणून आपण शेजारी वळून हात जोडतो. शेजारी कधी सख्खा भाऊ असतो, आणि घराच्या वाटणीतला त्याचा हिस्सा आपल्याकडे अडकलेला असतो. हात जोडायला दोन सेकंद लागतात. तलाठ्याकडे जाऊन त्याचे नाव लावून द्यायला वर्षे का लागतात?

या आठवड्यात घरी यिर्मया ६:१४ वाचावे. तिथे ‘शालोम, शालोम’ असा शब्द लागोपाठ दोनदा येतो, आणि तो म्हणणाऱ्यांवरच संदेष्टा संतापलेला आहे.